डाव्या कानाची गाणी

ताई : हे नको. पुढचं लाव.

धाकटी : अगं, अर्धंसुद्धा झालं नाही!

ताई : ऐकलं तेवढं पुरे. उद्या सकाळी आठला हा डावा कान उघडणार. उजवा तर केव्हाच गेलाय. आता आज फक्त घरच्या गाण्यांनी यायचं, नुसत्या ओळखीच्यांनी नाही.

धाकटी : असं काय बोलतेस? महिन्याभरात कानातलं यंत्र सुरू करणार आहेत ना?

ताई : त्यानं बोलणं कळेल. गाण्यांचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला भांडी पडल्यासारखी वाटतील, पुढचं पुढे बघू. आणि आत्ता जे थोडंफार ऐकू येतंय, ते ऑपरेशनमध्ये जाणार. जाऊ दे. एकसष्ट वर्षं ऐकलं, तेही फुकटात. तू डोळे पूस आणि यादी बघ.

धाकटी : पहिल्या ओळीत नुसतं ‘भिंत’ लिहिलंय.

ताई : भिंतीतलं गाणं.

धाकटी : शेजारच्या मावशींचा रेडिओ! आपण दोघी भिंतीला पेला लावून ऐकायचो ते!

ताई : मी ऐकायचे. तू पेल्यासाठी भांडायचीस.

धाकटी : आपल्याकडे रेडिओ कुठे होता तेव्हा? बरं झालं, त्यांचा अगदी त्या भिंतीलाच टेकलेला असायचा.

ताई : आपोआप टेकला होता होय? मी एकदा आपल्या स्टुडिओतून त्यांचे फोटो द्यायला गेले होते. बघते तर रेडिओ इकडे भिंतीशी, आणि मावशी पार त्या टोकाला शिवणयंत्रावर, कान टवकारून बसलेल्या. म्हटलं, मावशी, जवळ घ्या की रेडिओ. तर म्हणाल्या, “राहू दे गं तिथेच. पलीकडे माझे दोन श्रोते आहेत.”

धाकटी : आणि हे तू मला आज सांगतेस?

ताई : तेव्हा सांगितलं असतं तर तू भिंतीवर थापा मारून ‘आवाज वाढवा’ म्हणाली असतीस. लाव ते. सगळं लाव.

(हेडफोन ताईच्या डाव्या कानावर. गाणं शेवटपर्यंत वाजतं.)

ताई : एक कडवं पुसट झालंय. पण मला पाठ आहे, मी आतून भरून घेतलं. पुढे?

धाकटी : ‘पासपोर्ट साइज’. हे भाऊजींचं.

ताई : दुसऱ्या कुणाचं असणार?

धाकटी : चार वेळा आले होते ना गं फोटो काढायला? एकदा म्हणे कॉलर वाकडी आली, एकदा म्हणे डोळे मिटले...

ताई : आणि तिसऱ्यांदा म्हणाले, माझा चेहरा एवढा गंभीर नाही. मी म्हटलं, चेहरा तुमचा तुम्ही बदला, स्टुडिओत ती सोय नाही. दर वेळी बाकावर बसून त्याच दोन ओळी गुणगुणायचे. पुढचं येतच नव्हतं त्यांना.

धाकटी : पुढचं कडवं ताटातुटीचं आहे हे लग्नानंतर कळलं, तर किती घाबरले होते!

ताई : कान पकडून म्हणाले, मी त्या दोन ओळींपुरताच जबाबदार. मग बत्तीस वर्षं त्या दोन ओळींवरच संसार केला माणसानं. पुढचं कडवं मी एकटीनं ऐकलं, ते गेल्यावर. तेही गोड आहे गं. आधी उगीचच घाबरलो आम्ही.

धाकटी : लावू?

ताई : लाव.

धाकटी : ...झालं. ताई, हात किती गार पडलाय तुझा! थांब, पांघरूण देते. यादीतलं तिसरं बघू. इथे तर काहीच लिहिलेलं नाही, नुसती रेघ.

ताई : ते तुझ्या फोनमध्ये नाही.

धाकटी : नाव तर सांग. जगातलं सगळं असतं ह्यात.

ताई : अण्णांनी जुळवलेलं कसं असेल? डार्करूममधलं.

धाकटी : ते मी विसरले.

ताई : खोटं बोलू नकोस. सहा वर्षं रोज म्हणायचीस. आपल्या डार्करूममध्ये कधी घड्याळ होतं का? फोटोचा कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला की गाणं सुरू, दुसरं कडवं संपलं की कागद बाहेर. अण्णांची पद्धत. वडील गेल्यावर स्टुडिओ माझ्यावर आला, माझे हात ट्रेमध्ये, म्हणून गाणं तुझ्याकडे आलं.

धाकटी : आणि तूच काढून घेतलंस. जाऊ दे ना ताई. आज कशाला ते उकरून काढायचं?

ताई : आजच. उद्या तू काय म्हणतेस ते मला ऐकू येणार नाही.

धाकटी : काय म्हणणार मी? चूक माझीच होती. आई जाऊन आठ दिवस झाले होते. तिचा फोटो मोठा करायचा होता. ट्रेमध्ये तिचा चेहरा वर यायला लागला आणि माझा गळाच दाटला. गाणं रेंगाळलं. तू कागद बाहेर काढलास तर सगळा काळवंडलेला. मोठा कागद तेवढा एकच उरला होता.

ताई : मी काय म्हटलं होतं?

धाकटी : पुन्हा इथे तोंड उघडू नकोस म्हणालीस. दुसऱ्या दिवशी टायमर आणलास.

ताई : आणि तू घरीसुद्धा गायची थांबलीस. चौतीस वर्षं.

धाकटी : नाद सुटला, झालं.

ताई : माझ्या उशीखाली पाकीट आहे. काढ.

धाकटी : हा... हा तोच काळा फोटो? तू फाडला नाहीस?

ताई : भिंतीवरचा आईचा फोटो आठवतो? नंतर त्याच निगेटिव्हवरून टायमर लावून केलेला? त्यात आईच्या मागची खिडकी कशी दिसते?

धाकटी : पांढरी. कोरी.

ताई : बाहेर ऊन रणरणतं होतं, म्हणून. आता ह्यात बघ. कागद जास्त वेळ राहिला, म्हणून खिडकीतलंही उमटलं.

धाकटी : चष्मा दे तुझा. बाहेर दोरीवर कपडे आहेत... कुणीतरी वाळत घालतंय. अगं बाई! ही मी!

ताई : तोंड बघ.

धाकटी : उघडं आहे.

ताई : गात होतीस. आई कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, पाहिलंस? तिचा कान तुझ्याकडे आहे. टायमरच्या फोटोत तू नाहीसच, म्हणून ती काय ऐकतेय ते कळतच नाही. मला हे त्याच वर्षी दिसलं होतं गं. पण मोठी बहीण ना मी! चुकले म्हणायला जीभ रेटेना. आज म्हणते. चुकले मी.

धाकटी : ताई, पुरे.

ताई : पुरे नाही. मावशींचे आभार मानायचे राहिले, त्या घर सोडून गेल्या. अण्णांचे राहिले, ह्यांचे राहिले. तुझे राहायला नकोत. अण्णांच्या मागे सहा वर्षं त्या अंधारात मी उभी राहिले ती तुझ्या आवाजाच्या आधारानं. एकटीला भीती वाटायची मला तिथे. कधी बोलले नाही.

धाकटी : तुला भीती? मला वाटायचं, अंधारच तुला भितो.

ताई : ये. ह्या बाजूला बस. अगदी कानाशी.

धाकटी : माझा आवाज पार फाटलाय गं. एवढी गोड गाणी ऐकलीस, आणि शेवटी कानात हे भसाडं राहणार?

ताई : ते मी ठरवेन. म्हण.

धाकटी : ...पहिली ओळ... थांब हं, आठवली... नाही ताई, मला नाही जमत. बघ, आवाज कसा कापतोय.

ताई : कापू दे. थांबू नकोस. ऐकू येतंय मला.