शेवटी जळकी साखर

आत्या : माझं नाक म्हातारं झालं असेल, पण मेलेलं नाही. या घरात स्ट्रॉबेरीचा वास येतोय.

बाबा : माझ्या कपड्यांचा असेल गं, ताई. इसेन्सच्या कारखान्यात आहे मी. रोज काही ना काही अंगाला लागतंच.

आत्या : ते लॅबमध्ये होतास तेव्हा. आता पॅकिंगला आहेस. तुझ्या शर्टाला पुठ्ठ्याचा वास येतोय, इथे बसल्या बसल्या येतोय. स्ट्रॉबेरी पोरीच्या खोलीतून येतेय.

बाबा : हळू बोल. शेजारीपाजारी ऐकतात. पॅकिंगचं तिला सांगितलं नाहीये मी.

आत्या : वा! आणि तिनं तुला हे सांगितलेलं नाही. धर. उशीच्या खोळीत होतं.

बाबा : हा? हायलायटर आहे तिचा. परवा मीच चार्जिंगला लावून दिला.

आत्या : अरे शहाण्या, हायलायटर कधीपासून चार्ज करायला लागले? व्हेप आहे तो, बॅटरीवरची सिगरेट. ओढतात पोरं. माझ्या धाकट्याच्या दप्तरात अस्साच सापडला होता, निळा.

बाबा : नववीतली पोर आहे ती.

आत्या : माझा आठवीत होता. आता मला सांग, तिची आई तिकडे परदेशात, रविवारी फोनवर दिसते. फोनवरून काही वास येत नाही, तिचं सोड. पण तू? कारखान्यात तुला नाकोबा म्हणायचे! डोळे मिटून कुठली स्ट्रॉबेरी कुणी बनवली ते सांगायचास. आणि घरातली कळू नये?

बाबा : मला वास येत नाही, ताई.

आत्या : काय?

बाबा : त्या मोठ्या तापात गेला. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. नाही आला. गुडघा दुखतो म्हणून लॅबमधून हलवलं, असं सांगितलं होतं ना तुला? ते खोटं होतं.

आत्या : आणि हे आत्ता सांगतोयस?

बाबा : काय सांगू? नाकोबाचं नाक गेलं? लोक आधी हसणार, मग कीव करणार. मला दोन्ही नको होतं.

आत्या : निदान पोरीला तरी सांगायचंस.

बाबा : तिला तर नाहीच. तिला आयुष्यात एक गोष्ट धड शिकवली मी, तीच... थांब. आली ती. जिन्यात चप्पल वाजली.

आत्या : ओरडू नकोस. मी ओरडले होते. अजून तो माझ्याशी 'हो' आणि 'नाही'च्या पुढे बोलत नाही. मी दूध आणायला जाते.

बाबा : दूध आहे घरात.

आत्या : माहितीये. तरी जाते.

(आत्या जाते. मुलगी दप्तर न काढता दारातच उभी. टेबलावर तो गुलाबी व्हेप.)

मुलगी : आत्याला सापडला ना?

बाबा : हो.

मुलगी : वाटलंच. तुला नसताच सापडला.

बाबा : बस आधी. कुणी दिला?

मुलगी : कुणी दिला असं नसतं, बाबा. तुम्हा लोकांना वाटतं, गेटवर कुणी गुंड उभा असतो. मधल्या सुट्टीत मुलींच्या बाथरूममध्ये पाच-सहा जणी असतात, बस. नवीन शाळेत माझ्याशी कुणी बोलायचंच नाही. जिन्यात बसून डबा खायचे. एकदा आत गेले तर सगळ्या बघायला लागल्या, ही कशाला आली. मग एक म्हणाली, घे, ओढ. मग मला तिथे उभं राहायला कारण मिळालं.

बाबा : आणि विकत कुठे मिळतो?

मुलगी : शाळेमागच्या स्टेशनरीत. खोडरबरांच्या मागे ठेवतो तो. पेन घेतल्यासारखा रंग बघून घ्यायचा. आणि फोन उघडला की तेच. छान छान केसांच्या मुली, धुराच्या रिंगा काढतात. मला रिंगा जमत नाहीत.

बाबा : मग तुला काय जमतं?

मुलगी : आपला पट्टीचा खेळ.

बाबा : पट्टीचा?

मुलगी : तू लॅबमधून कागदाच्या पट्ट्या आणायचास बघ, वास लावून. मी डोळे मिटून ओळखायचे. तेच. त्या मला डोळे मिटायला लावतात, कश देतात, मी सांगते. आंबा म्हणून विकतात त्यात निम्मं पीच असतं. त्या टाळ्या वाजवतात. नाकोबाई म्हणतात मला.

बाबा : नाकोबाई?

मुलगी : मीच सांगितलं होतं. माझ्या बाबाला नाकोबा म्हणतात म्हणून.

बाबा : माझी फुशारकी मारलीस?

मुलगी : दुसरं काय होतं माझ्याकडे?

बाबा : आणि हा गुलाबी?

मुलगी : हा खेळातला नाही. हा माझा मी घेतला. यातली स्ट्रॉबेरी तुझी आहे.

बाबा : माझी कशी असेल?

मुलगी : आधी गोड, मग आंबट, आणि अगदी शेवटी जळकी साखर. भांड्याला लागते तशी. तूच म्हणाला होतास, हे दुसऱ्या कुणाच्या स्ट्रॉबेरीत नाही, हे मी घातलंय.

बाबा : अगं, ती गोळ्यांसाठी केली होती. लहान मुलांच्या गोळ्यांसाठी.

मुलगी : यात आहे.

बाबा : आमच्याकडून कॅन जातात. पुढे कोण कशात ओततं, कोण सांगतं आम्हाला? हल्ली खोक्यांना चिकटपट्टीसुद्धा मीच लावतो.

मुलगी : पॅकिंगला आहेस, माहितीये मला. आधी तू दारात आलास की ही स्ट्रॉबेरी यायची. आता पुठ्ठा येतो.

बाबा : म्हणून घरात ओढायचीस?

मुलगी : तू यायच्या वेळेला.

बाबा : माझ्याशी एकदा बोलायचंस तरी.

मुलगी : रोज बोलत होते की! खोलीचं दार उघडं ठेवायचे मुद्दाम. तू समोरून जायचास, 'जेवलीस का' विचारायचास आणि निघून जायचास. मला वाटलं, तुला कळतंय. कळतंय, पण तुला काही वाटत नाही.

बाबा : मला वास येत नाही, बाळा.

मुलगी : कशाचा?

बाबा : कशाचाच. त्या तापापासून.

मुलगी : परवा भाजी करपली तेव्हा...

बाबा : तू ओरडलीस तेव्हा कळलं.

मुलगी : म्हणून पट्ट्या बंद केल्यास? मला वाटलं, मी मोठी झाले म्हणून.

बाबा : हरलो असतो तर चाललं असतं गं. पण तू बरोबर सांगतेयस की चूक, हेच मला कळलं नसतं.

मुलगी : मी सांगितलं असतं ना तुला.

बाबा : हो. सांगितलं असतंस.

मुलगी : हा ठेव तुझ्याकडे. पण लपवू नकोस, मला वासानं सापडेल.

बाबा : हे बंद करायचं हं आता.

मुलगी : म्हटलं आणि बंद झालं असं नसतं. दुसऱ्या तासाला डोकं धरतं, हात शिवशिवतात. करून बघितलंय मी.

बाबा : मग डॉक्टरकडे जाऊ. दोघंही. तू तुझं दाखव, मी माझं.

मुलगी : आणि मधल्या सुट्टीत? तिथे गेले नाही तर उभी कुठे राहू?

बाबा : माहीत नाही.

मुलगी : बाबा, असं नाही म्हणायचं. काहीतरी सांगायचं असतं.

बाबा : खरंच माहीत नाही. मीसुद्धा पॅकिंगला कुणाला ओळखत नाही. मीही डबा जिन्यातच खातो.

मुलगी : जिन्यात? कुठे?

बाबा : खालच्या पायरीवर.

मुलगी : खाली नको बसूस. अगदी वरच्या पायरीवर बस. तिथे कुणी ओलांडून जात नाही.