हातात किती?

बसा की कुया, बसा दादा, ती खुर्ची मोकळीच आहे — कोणी येणार नाही तिथे. ठेवा ताट. हा गळ्यातला बिल्ला बघताय होय? वर मॉलच्या चौथ्या मजल्यावर पत्त्यांची स्पर्धा चाललीय, तिथला. जुगार नाही हो, चित्रांचे पत्ते, राक्षस-बिक्षस, ज्याने त्याने आपापला कॅट घरून बांधून आणायचा — आणि मध्ये काळे शर्ट घालून पंच फिरतात, हात वर केला की येतात. शी, त्या काळ्या शर्टांची किळस आलीय मला. हाकललं मला. उपांत्य फेरीतून उठवलं, आणि कशापायी? एका पत्त्यापायी.

तुम्हीच सांगा आता. दोन पत्ते उचलायचे होते, तीन आले. नवी पाकिटं होती — प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं पाकीट घालतो आम्ही — आणि आपल्याकडच्या या दमट हवेत नवी पाकिटं चिकटतात, कोणाचीही चिकटतात. यात चोरी आली कुठे? पंचसुद्धा चोरी म्हणत नाहीत त्याला. चूक झाली, हात वर केला, सांगून टाकलं, की नुसती ताकीद. समोरचा तुमचे पत्ते बघतो, एक निवडतो, तो परत कॅटात जातो, पुढे खेळा. मग मी का नाही केला हात वर? अहो, करणारच होतो की. पण डाव रंगात आलेला, आणि तो जास्तीचा पत्ता — नेमका तोच हवा होता मला. म्हटलं एवढी चाल होऊ दे, मग सांगू.

आणि समोर कोण, तर जोमारी. परका नाही हो — भिंतीला भिंत लागून घर आमचं, हा खेळ मला त्यानेच शिकवला, त्याच्या आईच्या हातचा भात खाऊन वाढलोय मी. जिंकेल तो बँकॉकला खेळायला जाणार आणि दुसरा त्याच्या सोबतीला, असं ठरलेलं आमचं. आणि त्याने पंच बोलावला. मित्रावर. बरं, बोलवायचाच तर सरळ बोलव ना — नाही, आधी छळ. मला विचारतो, "हातात किती?" हे विचारलं की सांगावंच लागतं, तसा नियमच आहे. मी म्हटलं पाच. त्याने स्वतःचे पत्ते पालथे ठेवले, पाणी प्यायला, आणि परत, हळू आवाजात — "नवी पाकिटं चिकटतात रे. नीट बघ एकदा. हातात किती?" म्हणजे मला अक्कल शिकवतो, अख्ख्या हॉलसमोर. म्हणजे — हॉलसमोर नाही, शेजारच्या टेबलालाही ऐकू गेलं नसेल, पण तेच ते. मी म्हटलं, पाच, कितीदा सांगू? मग माझ्याकडे बघत राहिला. मग केला हात वर.

आली ती पंचबाई, लुझ मॅडम. पत्ते मोजले, सहा भरले. मग मला भिंतीशी नेलं — दोघांना वेगवेगळं विचारतात — आणि आवाज कसा, दाताच्या डॉक्टरणीसारखा गोड. कधी कळलं तुला? म्हटलं, आत्ता, तुम्ही मोजलेत तेव्हा. बरं, म्हणाली, मग यातला चिकटलेला पत्ता कोणता? मी लगेच दाखवला, हा अजगराचा. खरं तेच सांगितलं ना? सहांतला बरोबर तोच काढून दिला. तर बाईने मान हलवली आणि पेनाला टोपण लावलं. आत्ता कळलं असतं तर कोणता ते तुला ठाऊक नसतं, म्हणाली. ही काय विचारायची रीत झाली? माणसाने उत्तर द्यायचं की नाही? चुकीबद्दल काढत नाही म्हणे, लपवल्याबद्दल काढते. ओकारी येते मला असल्या साळसूदपणाची.

आणि हा जोमारी. मला उठवलं तेव्हा रडत होता. डाव जिंकला, बँकॉक हाताशी आलं, आणि रडतोय. नाटकं सगळी. हातात किती, हातात किती — अहो, पहिल्यांदाच हात वर करायला कोणी अडवलं होतं त्याला? दिसलंच होतं की त्याला. तिसरा पत्ता आला तेव्हाच दिसलं होतं. मग पाणी पीत कशाला बसला? दुसऱ्यांदा कशाला विचा —

थांबा. मागे बघू नका. तोच आहे. तिकडे सिसिगच्या दुकानापाशी, तव्यावर मटण परततायत तिथे, निळी पिशवी खांद्याला. पिशवी माझी आहे, वर विसरलो मी ती. आणि हातात ताटं — दोन ताटं. इकडेतिकडे बघतोय.

नाही नाही कुया, तुम्ही उठू नका. बसा. मोकळी दिसायला नको ती खुर्ची. जेवा तुम्ही, खाली बघून जेवा. आणि आता काही बोलू नका माझ्याशी.