मुकी म्हणून नोंदलेली बाई

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन बसू या. माणसाची सेवा करायची, तर आधी काय पुढे करायचं? हात, की कान? बघा, सगळे गप्प! बरं, मग ऐका.

चारुशीला वाघाडे नावाची एक मुलगी. आर्वीच्या शिंप्याची लेक. नागपुरात समाजकार्याच्या कॉलेजात शिकत होती. समाजशास्त्राची ही जाडजूड पुस्तकं! कुटुंब म्हणजे काय, त्याची व्याख्या पाठ करायची. आता तुम्ही म्हणाल, महाराज, त्याला कॉलेज कशाला? घरी जावई आला की कळतंच की!

पण या अभ्यासात आठवड्यातले दोन दिवस वर्गाबाहेर, माणसांत जावं लागतं. चारुशीलेच्या वाट्याला निराधार बायकांचा आश्रम आला. देशकर सरांनी पंधरा फॉर्म दिले – पंधरा बायकांची माहिती भरून आणायची.

पहिलीच बाई अंगणात, कडुलिंबाखाली बसलेली. नोंदवहीत लिहिलं होतं – शांताबाई, मुकी, भ्रमिष्ट. तीन वर्षांपूर्वी पोलिसांना स्टेशनवर सापडलेली. नाव आश्रमानंच ठेवलेलं.

चारुशीलेनं विचारलं, "मावशी, तुमचं गाव कोणतं?"

म्हातारी नुसती पानांकडे बघत होती. दुपारची वेळ. वारा पडलेला. सावली अंगावरून सरकत होती. चारुशीला पेन हातात धरून तशीच बसून राहिली. आणि हळूच, अगदी श्वासासारखी, म्हातारी गुणगुणायला लागली. शब्द कळेनात. पण मंडळी, त्या सुरानं पोरीचे डोळे मिटले! अंगण विरघळलं, भिंती गेल्या. तिला वाटलं, आपण कुठल्याशा डोंगरउतारावर उभ्या आहोत, झाडांखाली पिवळी फुलं पडली आहेत, आणि कुणीतरी लांबून बोलावतंय. जागी झाली, तर फॉर्म कोराच!

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेलाही तेच. शेवटी आश्रम चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तिच्यापाशी वेळ घालवू नकोस गं. सोमवारी तिला वेड्यांच्या इस्पितळात हलवतोय. कागद झालेत."

चारुशीला खोलीवर आली. रविवारी सकाळी न्हाऊन केस वाळवत बसली, आणि नकळत तोच सूर तिच्या ओठांवर आला. खोलीत तिच्यासोबत राहायची सुनंदा टेकाम, यवतमाळकडच्या कोलामांची मुलगी. तिच्या हातातला कंगवा थांबला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"आश्रमातल्या एका मुक्या आजीनं."

"मुकी कशी असेल? हे आमच्या भाषेतलं गाणं आहे. मोहाची फुलं वेचताना माझी आजी म्हणते."

मंडळी, दोघी ओल्या केसांनी निघाल्या! सुनंदा म्हातारीसमोर उकिडवी बसली आणि आपल्या भाषेत एवढंच म्हणाली, "आजी, कुठली गं तू?"

म्हातारीनं मान वळवली. सुनंदाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग जी बोलायला लागली, ती थांबेचना. नाव जंगूबाई. लेकीबरोबर नागपूरच्या इस्पितळात आली होती, परतताना स्टेशनवरच्या गर्दीत हात सुटला. मराठी मोडकी यायची. पण बोलली की लोक हसायचे, म्हणून तिनं बोलणंच टाकलं. सुनंदा सांगत गेली, चारुशीला लिहीत गेली. शेवटी म्हातारीनं चारुशीलेकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?"

सुनंदा म्हणाली, "विचारतेय, ही पोर मुकी आहे का? दर खेपेला येऊन नुसती बसायची."

सोमवारचं जाणं थांबलं. सुनंदाच्या वडिलांनी पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर निरोप धाडले, आणि बाराव्या दिवशी लेक आली. दारातूनच तिनं आईला हाक मारली. त्यापुढचं काही मी सांगत नाही. माझ्यानं सांगवत नाही.

आणि त्या फॉर्मांचं? देशकर सर म्हणाले, "फॉर्म पंधरा सांगितले होते." उरलेले चौदा पोरीनं दिवाळीच्या सुट्टीत भरले. पण प्रत्येक बाईपाशी आधी मुकाट बसली, मग पेन उघडलं.

आता तुमचं सांगा. घरात परक्या मुलखातून आलेली सून असते, कानानं गेलेला बाप असतो. "त्यांना काही बोलायचंच नसतं," असं आपणच ठरवून टाकतो ना? मग देवळात येऊन म्हणतो, देवा, माझं ऐक. अरे, तो ऐकतोच आहे! उद्या दुपारी जरा घरातल्या माणसापाशी बसा. काही विचारू नका. नुसते बसा.