जावळाची पहिली कात्री

झेनोबिया : ...म्हणजे शेठने स्वतःहून विचारलं? तू नाही बोलावलंस?

हिलारिओन : हळू बोल ना. सगळे अंगणात बसलेत.

झेनोबिया : बसू देत. मिनिबसच्या मालकाला आपल्या नायदाचा पुळका एकदम कुठून आला? आजवर पोरीचं नाव तरी ठाऊक होतं का त्याला?

हिलारिओन : अगं, म्हणाले, जावळाची पहिली बट मी कापतो, पोरीचा धर्मबाप होतो. रोमुलोशेठसारख्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

झेनोबिया : तोंड उघडून म्हणायचं! 'शेठ, मी कासिमिरोला शब्द दिलाय.' दिला होतास की नाही?

हिलारिओन : कासिमिरो काय, आपला दोस्त आहे. घेईल समजून.

झेनोबिया : तो तिथे कुबड्या टेकून बसलाय, नवा शर्ट घालून! शेठच्या खटाऱ्याचे ब्रेक उतारावर लागले नाहीत, पाय मोडून घेतला बिचाऱ्याने, आणि समजून घ्यायचं पण त्यानेच?

हिलारिओन : हे बघ, झेनो...

झेनोबिया : नाही, तूच बघ. सोमवारी सगळ्या ड्रायव्हरांच्या वतीने शेठसमोर कोण उभं राहणार? 'सगळ्या गाड्यांचे ब्रेक बदला, नाहीतर गाड्या बंद,' हे कोण सांगणार?

हिलारिओन : मीच. ठरलंय ना.

झेनोबिया : आणि आज त्याने कात्री लावली की तो तुझा कोंपाद्रे, धर्माचा भाऊ. कोंपाद्रेपुढे आवाज चढवायचा नाही, त्याच्याशी भांडलं की पाप! हे काय त्याला माहीत नाही? चांगला खिशात घालतोय तुला.

हिलारिओन : उलट सोपं होईल. नात्यातला म्हणून चार गोष्टी गोडीने सांगता येतील. आणि उद्या पोरगी तापाने फणफणली, तर गाडी घेऊन कोण येणार? सरकार? युनियन? अडीनडीला नातंच धावून येतं गं. कासिमिरो काय करणार? त्याचेच खायचे वांधे.

झेनोबिया : नातं धावून येतं, खरंय. पण हा नातं जोडायला आलाय की तुझं तोंड बांधायला?

(हिलारिओनची आई नेमेसिया चिचाची, म्हणजे मक्याच्या दारूची, रिकामी घागर घेऊन आत येते. हिलारिओनला जरा सुटल्यासारखं वाटतं.)

नेमेसिया : काय खलबतं चाललीत रे? चिचा संपली, लोक माना वळवून बघतायत. पोरगी कंटाळून वेण्यांच्या रिबिनी ओढतेय.

झेनोबिया : आई, तुम्हीच सांगा याला.

नेमेसिया : मी काय सांगू? नशीब काढलं नायदाने! तुझा सासरा खाणीच्या मुकादमाचा कोंपाद्रे होता, म्हणून आमची चूल कधी विझली नाही.

झेनोबिया : आणि खोकून खोकून गेले तेव्हा? खाणीतल्या धुळीबद्दल एक शब्द तरी बोलले मुकादमाला?

नेमेसिया : कोंपाद्रेला असं कोणी बोलतं का, वेडे! देवमाणूस होता मुकादम. मयताला सगळ्यात मोठा हार त्याचाच होता.

हिलारिओन : आई, पुरे. तो हार नको आठवूस.

नेमेसिया : का रे? बरं, राहिलं. अरे हो, सांगायचं विसरलेच! गॅरेजवाला आलाय ना, तो म्हणाला, शेठने काल तुझ्या गाडीला नवे ब्रेक बसवून घेतले. कोरे करकरीत!

हिलारिओन : माझ्या गाडीला?

नेमेसिया : मग! आता घरचा झालास तू.

हिलारिओन : आणि बाकीच्यांच्या?

नेमेसिया : बाकीचे काय त्यांच्या नात्यातले आहेत?

झेनोबिया : बोल आता. गोडीने काय सांगणार होतास?





हिलारिओन : नाही म्हटलं, तर गाडी काढून घेतील गं माझ्याकडून. आजच्या आज.

झेनोबिया : घेतील. पण मी बाजारात बसेन, बटाटे विकेन. सोमवारी तू खाली मान घालून उभा राहिलास, तर ते मला नाही बघवणार.

नेमेसिया : देवा मारिये! काय बडबडताय दोघं? हॉर्न ऐकू नाही आला? शेठ दारात उतरतायत, बायकोही आहे बरोबर. केवढी बाहुली आणलीय! कात्री कुठाय?

हिलारिओन : माझ्याकडे आहे. झेनो, नायदाला उचल. कासिमिरोला उठायला लावू नकोस, मांडीवरच दे त्याच्या.

नेमेसिया : अरे पण पहिली बट... शेठना मी काय सांगू?

हिलारिओन : तू नको, मी सांगतो. या म्हणेन, बसा, पोटभर जेवा. आमचे मालक आहात, मालकच राहा.