संताचा उपास, डॉक्टरीणबाईंचं पथ्य

हे कुणीतरी मुद्दाम केलेलं आहे, तुम्हाला सांगतो! वर्षाचे एवढे दिवस मोकळे पडलेत, आणि आमच्या घराण्याच्या संताचा सण नेमका नाताळाआधीच्या उपासात आणून बसवलाय. शेजाऱ्यांचा संत मे महिन्यात येतो, ते अख्खं डुक्कर भाजतात, धूर आमच्या खिडकीत. आमचा संत निकोला येतो डिसेंबरात, बर्फ तुडवत, आणि म्हणतो, मांस नको, दूध नको, अंडं नको... पाव खा.

पाव. मला!

मला साखरेचा आजार निघाला, तोही तिशीच्या आत. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर बोटानं एक ताट काढलं आणि म्हणाल्या, हे बघ वुकाशिन, पीठ आणि गोड जवळजवळ बंद, प्रथिनं बेतानं, आणि पोट भरायचं ते स्निग्धावर. मी मनात म्हटलं, एवढंच? सर्बियात जन्मलेल्या माणसाला साय खा, चीज खा, डुकराची चरबी खा म्हणायचं, हे काय पथ्य झालं? उन्हाळाभर मी राजासारखा आजारी होतो! आणि मग उपास लागला. डॉक्टरीणबाई ज्याला हो म्हणतात त्याला चर्च नाही म्हणतं, आणि चर्च ज्याला हो म्हणतं, घेवडा, बटाटे, भात, पाव, त्याला डॉक्टरीणबाई नाही म्हणतात. दोघांना मान्य काय, तर आंबवलेला कोबी. मग खायचं काय, तुम्हीच सांगा?

तुम्ही म्हणाल, मोड की उपास. अहो, एरवी मोडतोच! मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, स्वादुपिंडाला सणवार कळत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण हा संताचा दिवस, आमच्याकडे याला स्लावा म्हणतात, तो बापाकडून मुलाकडे येतो. आणि बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. याच आजारानं. आधी पायाची बोटं गेली, मग मूत्रपिंडं, मग... असो. मी त्यांच्या उशाशी बसून शब्द दिला होता, बाबा, मी तुमच्या वाटेनं येणार नाही. आणि आता त्यांच्याच जागी उभं राहून मी पाव मोडायचा आणि खायचा. न खाल्ला तर स्लावा घेतलाच नाही, खाल्ला तर शब्द गेला. मग खायचं काय?

बरं, मी गप्प बसलो का? छे! मी घरात भाषण दिलं, की हा आजार आपल्या गल्लीत दारोदार आहे आणि आपण त्यालाच मेजवान्या घालतो, कुणीतरी सुरुवात करायला हवी की नको? आईला पटलं, डोळे पुसलेन् तिनं, आणि दुसऱ्या दिवशी मृतांच्या नावानं करतात तो गोड गहू शिजवून मला म्हणते, "तुझ्यासाठी साखर नाही हो घातली... मध घातलाय."

सणाच्या सकाळी भुकेनं माझे डोळे पांढरे. गव्हाच्या ढिगावर आईनं अक्रोडांचा क्रूस मांडलेला. अक्रोड म्हणजे स्निग्ध, संतालाही चालतं, बाईंनाही चालतं... तर पाद्रीबाबा यायच्या आत मी क्रूसाचा एक हात खाऊन बसलो. मिलुंकाआत्या म्हणाली, अरे मेल्या, मासा खा ना, आजच्या सणाला उपासातही मासा चालतो! मी धावलो. तर आत्यानं मासा मक्याच्या पिठात असा लोळवून तळलेला, की आत मासा आहे हे तिच्या शब्दावर मानायचं. मी पापुद्रा सोलत बसलो, आणि ती बघत होती. म्हणे, लहानपणी तू पापुद्रा खायचास आणि मासा मांजराला द्यायचास. हो ना! मला अजून पापुद्राच हवाय!

आणि त्यात तो वास. आईनं पहाटेच पाव भट्टीत सारलेला, वेणी घातलेला, वर पिठाचं कबुतर. तुम्हाला सांगतो, मी लहान असताना बाबा बेकरीतून गरम पाव कोटाच्या आत घालून आणायचे, आणि बर्फातून येताना आम्ही दोघं त्याचं टोक तोडून, मग त्याच्या पुढचं, मग त्याच्या पुढचं... घरी पोहोचेपर्यंत अर्धाच उरायचा. त्यांना मिठी मारली की पावाचा वास यायचा. मला नक्की काय हवंय, पाव की कोट, हे कुठल्या डॉक्टरला विचारू?

आत्या कुजबुजली, "वुका, तो पाव नव्हे रे. मंतरलेल्या पावात कसली आलीय साखर?"

मी म्हटलं, "आत्या, बाबांनी जन्मभर मंतरलेलाच खाल्ला ना?"

सख्खा भाऊ तिचा. तिनं नुसती माझी कॉलर नीट केली, आधीच नीट होती ती.

मग पाद्रीबाबा आले, प्रार्थना झाली, पावावर वाइन ओतली. पाव दोघांनी धरून फिरवायचा असतो, मग मोडायचा. दर वर्षी एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी. यंदा मी बाबांच्या बाजूला, आणि समोरची बाजू रिकामी. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा शेजारचे तिहोमिरआजोबा, बाबांचे बुद्धिबळातले जुने वैरी, हात पँटला पुसून पुढे झाले आणि त्यांनी पाव धरला. फिरवला. मोडला. आतून वाफ आली... अहो, काय सांगू, वाफ आली!

सगळं घर माझ्या तोंडाकडे बघतंय. मी मनात हिशेब मांडला, कालपासून पीठ नाही, दुपारीही नाही, रात्रीही नाही, मग नखाएवढा बसतो. नखाएवढा तोडला. जिभेवर ठेवला. चावला नाही, तसाच विरघळू दिला, डोळे मिटून. आणि उघडले तेव्हा मान ताठ होती माझी, कारण स्लावाही घेतला होता आणि शब्दही राखला होता, शास्त्र जिंकलं होतं, संत खूश होता!

तिहोमिरआजोबा स्वतःचा तुकडा सावकाश चावत होते.

"आजार कळला त्या वर्षी," ते म्हणाले, "तुझ्या बापानंही एवढुसाच घेतला होता."