मागच्या दाराला लावलेलं टेबल

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी तिथं कारकून होतो. आमच्या साहेबांनी सागवानी टेबल बनवून घेतलं, एवढं मोठं की ते मागच्या दारालाच लावावं लागलं.

टायपिस्ट कांबळेबाई म्हणाल्या, "सायेब, दार बंद झालं की वो."

"बाई, जिल्ह्याचं ऑफिस आहे. शान नको?"

त्याच शानीपायी पुढच्या दाराशी फोमचा सोफा आला. एका दुपारी कुणाची तरी बिडी त्यावर पडली अन् सोफा पेटला. काळ्या धुरात पुढचं दार दिसेना. आगीसाठी टांगलेल्या बादल्या दुष्काळात कोरड्याच होत्या. आम्ही सहा जणांनी टेबल ढकललं, ते तसूभर हललं नाही. शेवटी कांबळेबाईंनी स्टुलानं खिडकीची जाळी फोडली. साहेब सगळ्यांच्या आधी बाहेर पडले. आम्ही खोकत त्यांच्यामागून निघालो.

आठवड्यानं ऑफिस उघडलं. साहेबांनी बारा हमाल बोलावून टेबल त्या खिडकीपाशी नेलं अन् मागच्या दाराला फायलींचं कपाट लावलं.

कांबळेबाईंनी विचारलं, "सायेब, आता आग लागली तर आम्ही कुठून निघायचं?"

साहेब टेबलामागच्या खिडकीकडं बोट करून शांतपणे म्हणाले, "इथूनच. फक्त मला पुढं जाऊ द्या."