ओल्या साडीचं गणित

माझ्या व्रताने एकदा सुनेचंच गणित चुकवलं, ते ऐका.

अंगाच्या उबेवरून माणूस दाखवणारे कॅमेरे असतात ना, त्यांचं काम आमची मुक्ता करते. इगतपुरीच्या धुक्यात वाट चुकलेल्यांना शोधणाऱ्या पथकाला तसा एक द्यायचा होता. किती लांबचं माणूस दिसेल, हे ती आधीच हिशेब मांडून सांगते. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर चाचणी होती, म्हणून सकाळीच म्हणाली, "आई, मैदानाच्या त्या टोकाला पाठ करून उभ्या राहता? हिशेबाप्रमाणे दिसायलाच हव्यात."

मी जाऊन उभी राहिले. तिकडून हाक आली, "आई, पोचलात का?"

"कधीची उभी आहे गं!"

"पडद्यावर तर तुम्ही नाहीच!" आवाज अगदी रडवेला. कॅमेरा घेऊन धावतच आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून थबकली. "साडी ओली कशी?"

"औदुंबराला ओलेत्याने प्रदक्षिणा घातल्या. तुझा कॅमेरा पास होऊ दे म्हणून!"

ती खळखळून हसली, मग पडद्याकडे बघत म्हणाली, "आई, गार ओल्या कापडाने अंगाची ऊब झाकली गेली. धुक्यात हरवलेलं माणूसही भिजलेलंच असणार. मी हिशेब कोरड्या माणसाचा केला होता."

दिवसभर बसून तिने तो सुधारला, आणि चाचणीत बरोबर जुळला.

पण त्याआधी, तिथेच, तिने कॅमेरा माझ्या पाठीकडे धरून फोटो काढला. त्यात गार म्हणून काळ्या दिसणाऱ्या साडीवर, तिने हात ठेवला होता तिथे, तिच्या उबेची पाच बोटं लख्ख उजळली होती.

तो फोटो आमच्या देवघरात आहे.